विदरहोपचं तिसरं पाऊल

ॲव्हरिल प्रॉसर माणसांचे चेहरे विसरायची, पण पावलं विसरत नसे. लेम्स्टरच्या बाजारात कुणी हात केला की ती नुसतीच गोंधळून हसायची, आणि तो माणूस पाठ फिरवून चार पावलं चालला की तिला त्याचं नावगाव सगळं आठवायचं. त्यात तसं नवल काही नव्हतं. चोविसाव्या वर्षापासून ती नाचासाठी कॉन्सर्टिना वाजवत आली होती. दोन्ही हातांत धरून ताणायची आणि दाबायची ती सहा कोनांची छोटी पेटी. वाजवताना तिची नजर सदा खाली, नाचणाऱ्यांच्या पायांवर. मान वर करायला सवड कुणाला?

इंग्लंडातल्या हेरफर्डशरच्या त्या टेकड्यांमध्ये अशी शाळा उरली नव्हती, जिथे बाकं भिंतीला सरकवून तिनं पोरांच्या नडग्यांना घुंगरू बांधले नव्हते. लग्नं, सुगीची जेवणं, चर्चच्या गळक्या छपरासाठी भरवलेल्या जत्रा, सगळीकडे प्रॉसरबाई आणि त्यांची पेटी. पण तिचं नाव झालं ते विदरहोपच्या नाचामुळे. तो नाच तिच्या हाती कसा आला, ते आधी सांगायला हवं.

१९५२ साल. युद्ध संपून सात वर्षं झाली होती तरी साखर अजून कुपनावरच मिळत होती. शिक्षण खात्यानं ॲव्हरिलला एक सायकल दिली होती आणि एक काम: शाळाशाळांतून हिंडायचं, मुलांना जुने नाच शिकवायचे. शनिवार मात्र तिचा स्वतःचा. त्या दिवशी ती जुन्या नाचणाऱ्यांना हुडकत फिरायची. विदरहोपचा नाच साऱ्या खोऱ्यात देखणा, असं ती ऐकून होती. पहिल्या महायुद्धात गावातले निम्मे नाचणारे गेले, उरलेल्यांनी तीन वर्षं कसाबसा तो चालवला आणि मग तो मोडला. त्या उरलेल्यांपैकी एकच जण आता हयात होता. इनॉक ग्विलियम, वय ऐंशी.

गावाच्या टोकाला, सफरचंदांच्या बागेला लागून त्याचं घर होतं. तिनं दारावर टकटक केलं.

"ढकल," आतून आवाज आला. "कडी नाही त्याला."

चुलीजवळ उंच पाठीच्या खुर्चीत म्हातारा बसला होता. गुडघ्यांवर घोंगडी, घोंगडीवर मांजर.

"मिस्टर ग्विलियम, मी ॲव्हरिल प्रॉसर. पत्र टाकलं होतं मी."

"आलं पत्र. कुठले प्रॉसर तुम्ही? खाटीक प्रॉसर की त्या मेंढरंवाल्यांतले?"

"माझे वडील लेम्स्टरच्या पोस्टात होते."

"म्हणजे कुठलेच नव्हेत. बस. त्या खोक्यात काय आहे?"

"पेटी."

"मग बोलतेस काय नुसती? काढ की बाहेर."

पहिले चार शनिवार तो खुर्चीतून उठला नाही. चाल शिट्टीवर सांगायचा. हातातले रुमाल कसे उडवायचे ते बसल्याबसल्या दाखवायचा. टेबलावर सहा बटाटे दोन रांगांत मांडायचा आणि कोण कुठून कुठे जातो ते बटाटे सरकवून समजवायचा. ॲव्हरिल वहीत सगळं टिपून घ्यायची.

"बटाट्यांचं कळलं मला," ती म्हणायची, "पण पाऊल कसं टाकायचं?"

"पावलाचं बघू," तो म्हणायचा आणि मांजराशी बोलायला लागायचा.

पाचव्या शनिवारी दुपार कलायला आली होती. खिडकीतून ऑक्टोबरचं मधाच्या रंगाचं ऊन फरशीवर लांबवर पसरलं होतं आणि बागेतून पिकून पडलेल्या सफरचंदांचा आंबूस वास येत होता. ॲव्हरिल तीच चाल दहाव्यांदा वाजवत होती; डोळे जरा जडावले होते. म्हाताऱ्यानं मांजर उचलून खाली ठेवलं. घोंगडी बाजूला केली. टेबलाची कड धरली आणि उभा राहिला.

"वाजवत राहा, पोरी," तो म्हणाला. "मी पडलो तरी."

तो पडला नाही. पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडलं, पीस पडावं तसं. तिसऱ्याला डावा पाय फरशीवर घासत, मागे रेंगाळत, उशिरा आला, आणि त्या उशिरात सगळं घर थबकल्यासारखं झालं. घड्याळ, चूल, उन्हातले धुळीचे कण. मग उडी. ॲव्हरिलच्या बोटांनी तिला न विचारताच तो तिसरा सूर लांबवला आणि पुढच्या वेळी त्या पावलाची वाट पाहिली. टेबलाची कड त्यानं केव्हा सोडली ते तिला कळलं नाही. तिला एवढंच वाटत राहिलं, की स्वयंपाकघर लांब झालंय आणि त्या लांबीत आणखी पाच जण आहेत. ते दिसत नाहीत, पण त्यांच्यासाठी म्हातारा बरोबर जागा सोडतोय.

चाल संपली. तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ धापा टाकत राहिला. ॲव्हरिलनं पेन्सिल उचलली.

"तिसऱ्या पावलाला डावा पाय मागे राहतो. तो तसाच ना, मिस्टर ग्विलियम?"

म्हाताऱ्यानं आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मांजर पुन्हा मांडीवर येऊन बसलं.

"तसाच," तो म्हणाला. "लिही."

तिनं लिहिलं. 'डावा. तिसऱ्यावर. उशिरा.'

फेब्रुवारीत तो गेला. जमीन गोठलेली होती, दफनाला नऊ माणसं होती. मुलगी न्यूझीलंडला असते, तिला पाद्र्यांनी पत्र लिहिलंय, असं कुणीतरी म्हणालं. ॲव्हरिलनं भिंतीशी उभं राहून ती चाल अगदी हळू वाजवली. गारठ्यानं पेटीची बटणं बोटांना चिकटत होती.

त्या वसंतात तिनं विदरहोपच्या शाळेत तो नाच बसवला, आणि मग तो नाच तिच्या हातातून सुटून आपला आपण हिंडायला लागला. त्या तिसऱ्या पावलानं माणसांना वेड लावलं. नाच पुढे जात असतो, घुंगरू एका सुरात वाजत असतात, आणि मध्येच सगळे क्षणभर मागे राहतात, काहीतरी आठवल्यासारखे. डाव्या पायाचे घुंगरू मागाहून एकटेच वाजतात. आणि मग उडी. दुसऱ्या गावांनी तो मागून नेला. दूरदूरच्या शहरांतून तरुण मंडळी तिच्याकडे शिकायला यायची आणि तिच्या बैठकीच्या खोलीत जमिनीवर झोपायची. तिनं सोळा पानांची निळ्या वेष्टनाची पुस्तिका काढली. एका उन्हाळ्यात कोपनहेगनच्या एका चौकात साठ डॅनिश माणसांनी तिच्या पेटीवर तो नाच केला, आणि साठही डावे पाय बरोबर मागे राहिले. तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता.

लग्न तिनं केलं नाही. लडलोचा एक घड्याळजी दोन वर्षं तिच्यामागे होता. भला माणूस. पण त्याचं पाऊल इतकं काट्यावर पडायचं की त्याच्याबरोबर नाचताना तिला जांभया यायच्या. हे तिनं त्याला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं. बहीण म्हणाली, "तू पायांशीच लग्न कर, बये." तसंच काहीसं झालं म्हणायचं. वर्षं गेली. शिकवलेल्या मुलींच्या मुली आल्या. केस पांढरे झाले, पेटीचा भाता दोनदा बदलला.

१९८६च्या मे महिन्यातली गोष्ट. जूनच्या शेवटी लग नदीच्या काठच्या कुरणावर आठ शाळांचा मेळा भरायचा होता आणि ॲव्हरिल विदरहोपच्या शाळेमागच्या मैदानात चोवीस मुलांची तालीम घेत होती. सफरचंदांचा मोहर गळत होता. वारा आला की मैदानावर पांढरं उडायचं आणि मुलांच्या केसांत अडकायचं. फाटकाशी कुणीतरी उभं होतं. ॲव्हरिलला दिसले ते तपकिरी जोडे. नवे, जाड तळव्यांचे, इथल्या दुकानातले नव्हेत. ते जोडे काही वेळ जागीच राहिले, मग फाटक उघडून आत आले आणि नाचाच्या मधोमध चालत गेले.

"बंद करा हे."

मुलं थांबली. पेटीचा भाता अर्धा उघडा राहिला. समोर निळ्या रेनकोटातली एक उंच म्हातारी होती. सत्तरी उलटलेली, ताठ.

"हे कुणी शिकवलं या पोरांना?"

"मी," ॲव्हरिल म्हणाली. "आपण कोण?"

"लाज नाही वाटत तुम्हाला? माणूस मेला, गाडला, त्याला तेहतीस वर्षं झाली. अजून त्याच्यामागे लंगडत चालायची हौस फिटली नाही या गावाची?"

"कुणाच्या मागे?"

"माझ्या बापाच्या. इनॉक ग्विलियमच्या."

ॲव्हरिलला आधी आनंदच झाला. "म्हणजे तुम्ही न्यूझीलंडच्या... अहो, हा नाच त्यांचाच आहे. त्यांनीच मला दाखवला, त्यांच्या स्वयंपाकघरात. प्रत्येक पाऊल त्यांचं आहे."

"माझा बाप लंगडा होता, बाई."

मोहर उडत होता. एक मुलगा आपल्या नडगीचे घुंगरू मुठीत धरून उभा होता, आवाज होऊ नये म्हणून.

"एकवीस साली नासपती उतरवताना झाडावरून पडला," म्हातारी म्हणाली. तिचं नाव थर्झा. "हाड वाकडं जुळलं. त्याच्याआधी तो नाचायचा तो सरळ. मी त्या भिंतीवर बसून पाहिलाय. पडल्यावर गावातली पोरं त्याच्यामागे रांग करून डावा पाय ओढत चालायची. या रस्त्यानं. अशीच. मी सात वर्षांची होते, मी दगड घेऊन धावायचे त्यांच्यावर." तिनं मुलांकडे पाहिलं. "आज फाटकाशी आले आणि तोच आवाज. दोन सरळ, एक ओढलेलं."

"मी त्यांना चालताना कधीच पाहिलं नव्हतं," ॲव्हरिल म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "ते खुर्चीतच असायचे. एकदाच उठले, नाचायला."

"नाचायला? तो पडल्यापासून नाचला नाही. आईनं हातापाया पडून सांगितलं, नाचला नाही. माझ्या लग्नात सगळं गाव नाचलं, हा कोपऱ्यात बसून राहिला. आणि म्हणे तुमच्यापुढे नाचला."

ती वळली आणि निघून गेली. तिची पावलं जड आणि सरळ होती.

"बाई, आमचं काय चुकलं?" एका मुलीनं विचारलं.

"तुमचं काही नाही चुकलं, बाळ. जा घरी आज."

ॲव्हरिलनं घरी जाऊन जुनी वही काढली. पेन्सिलीचे तीन शब्द अजून स्वच्छ वाचता येत होते. चौतीस वर्षं. शेकडो मुलं. कोपनहेगनचा तो चौक तिला आठवला, आणि साठ माणसं एका मोडक्या हाडाच्या मागे पाय ओढत चालली आहेत असं दिसायला लागलं, तशी तिनं वही मिटली.

दुसऱ्या सकाळी ती खानावळीत गेली. थर्झा वरच्या खोलीत उतरली होती, पण खाली आली नाही. ॲव्हरिलनं मालकिणीपाशी चिठ्ठी ठेवली: 'नाच सरळ करते आहे. मला माफ करा. ॲव्हरिल प्रॉसर.'

सरळ करणं काही अवघड नव्हतं, असं तिला वाटलं होतं. तिसरं पाऊल वेळेवर टाकायचं, इतकंच. दोन आठवडे तिनं मुलांना तेच घोटून शिकवलं. पण तिसऱ्या मात्रेला रांगेचा चिवडा व्हायचा. अर्धे वेळेवर, अर्धे उशिरा, आणि खुद्द तिची बोटं सुरावर थांबून राहायची. शेवटी जमलं, आणि जमलं तेव्हा आणखी वाईट झालं.

"बाई," तीच मुलगी म्हणाली. डेल्विन तिचं नाव, तोंडाची फटकळ. "आता हा पलीकडच्या गावच्या नाचासारखा झालाय. त्यांचा तर कुत्र्यालासुद्धा येतो."

कुणी हसलं नाही, कारण ते खरं होतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी ॲव्हरिल परसात वाटाण्याच्या वेलांना काड्या लावत होती. तिला रस्त्यावरून ती जड, सरळ पावलं ऐकू आली. ती उठून उभी राहीपर्यंत थर्झा दारात पोचली होती.

"चहा आहे का?"

"आहे. या ना."

थर्झा टेबलाशी बसली. रेनकोट काढला नाही. दोन घोट घेतले.

"त्यानं दाखवलेलं कुठे लिहून ठेवलं असशील, तर दाखव."

ॲव्हरिलनं वही दिली. थर्झानं ती लांब धरून वाचली. बटाट्यांची चित्रं होती, बाणांनी जोडलेली, त्यांवर ती थबकली.

"किती वेळा नाचला?"

"एकदाच."

"बरा नाचला?"

"त्यानंतर मी खूप नाच पाहिले. तसा एकही नाही."

"आणि तू काही विचारलं नाहीस? पाय असा का?"

"विचारलं. म्हटलं, तिसऱ्याला पाय मागे राहतो तो तसाच ना. त्यांनी पायाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, तसाच, लिही."

थर्झा खिडकीकडे बघायला लागली. तिचे खांदे हलायला लागले. ॲव्हरिलनं रुमाल शोधायला खिशात हात घातला, आणि तिच्या लक्षात आलं की बाई हसते आहे.

"लबाड म्हातारा," थर्झा म्हणाली. "अगं, जी पोरं त्याच्यामागे लंगडायची ना, त्यांच्या नातवंडांना ओळीत उभं केलंन आणि लंगडायला लावलं. वर टाळ्या." ती हसत राहिली, आणि हसताहसताच तिचा चेहरा बदलला. "पण मला का नाही दाखवलं? आईला का नाही? तू कोण होतीस त्याची?"

"कुणीच नव्हते," ॲव्हरिल म्हणाली. "म्हणूनच असेल. तुम्ही त्यांना आधी नाचताना पाहिलं होतं. मी काहीच पाहिलं नव्हतं. माझ्यापुढे त्यांचं काही गेलेलं नव्हतं."

थर्झानं ते ऐकून घेतलं. बराच वेळ तिनं कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. बाहेर कुठेतरी कोकीळ ओरडत होती, तेच ते दोन सूर, थकत नव्हती.

"मला शिकव," ती म्हणाली.

त्यांनी टेबल भिंतीला लावलं. थर्झानं रेनकोट काढला, मग जोडे काढले. ॲव्हरिलनं पेटी घेतली आणि फार सावकाश, झोपेतल्या माणसाला उठवावं तशी चाल सुरू केली. बाहत्तर वर्षांची बाई मोज्यांवर उभी राहून वाट पाहत होती. पहिलं पाऊल तिनं टाकलं, दुसरं टाकलं. तिसऱ्याला ॲव्हरिलनं सूर लांबवला, आणि डावा पाय मागे राहिला, रेंगाळला, आला. कुणी शिकवलं नव्हतं. थर्झानं आपल्या पायाकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"मी त्याचा हात धरून शाळेत जायचे," ती नाचता नाचताच म्हणाली. "त्याच्या पावलाला पाऊल जुळवत. रोज दोन मैल. म्हणजे मीसुद्धा अशीच चालायचे की."

खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात राहिली, येत राहिली, आणि ॲव्हरिलला कितीतरी वर्षांनी पुन्हा वाटलं की खोली लांब होते आहे. चहा थंड झाला. कोकीळ केव्हा थांबली ते दोघींनाही कळलं नाही.

निघताना थर्झा जोड्यांच्या नाड्या बांधत म्हणाली, "परत तसाच शिकव त्यांना. पण कुणाचा पाय आहे ते सांग. न सांगता नको."

ॲव्हरिलनं सांगितलं. थर्झाला शेजारी खुर्ची देऊन, मुलांना गवतावर बसवून, झाड, हाड, रस्त्यावरची पोरं, स्वयंपाकघर, सगळं. मुलं ऐकत होती.

"त्यांना दुखायचं का नाचताना?" ज्या मुलानं घुंगरू मुठीत धरले होते त्यानं विचारलं.

ॲव्हरिलनं थर्झाकडे पाहिलं.

"थंडीत दुखायचा पाय," थर्झा म्हणाली. "नाचताना काय व्हायचं, मला ठाऊक नाही. मी नव्हते तिथे."

यानंतर सगळं छान झालं असं सांगता आलं असतं तर बरं होतं. झालं भलतंच. मुलांच्या डोक्यात आता लंगडा म्हातारा बसला होता, आणि तिसऱ्या पावलाला ती लंगडायला लागली. पाठ वाकवायची, तोंड वेडंवाकडं करायची. एकानं तर कमरेवर हात ठेवला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. उलट जीव ओतून करत होती, म्हणून तर जास्तच बघवत नव्हतं. ॲव्हरिल सांगून दमली, "अरे, लंगडू नका, नाचा." पण एकदा कळलेलं पायांतून काढायचं कसं?

जूनच्या मेळ्यात त्यांनी तसाच नाच केला. सूत्रसंचालकानं आधी गोष्ट सांगितली, लोकांनी डोळे पुसले, टाळ्या कडाडल्या. ॲव्हरिल मान खाली घालून वाजवत राहिली. परतताना कुरणाच्या वाटेवर थर्झा म्हणाली, "माझंच चुकलं. सांग म्हणाले मी."

"सांगायलाच हवं होतं."

"हवं होतं. पण सोंग झालं ना त्याचं."

"विसरतील," ॲव्हरिल म्हणाली. "पोरं आहेत. थोडा वेळ लागेल."

"मग मी थांबते," थर्झा म्हणाली. "तिकडे माझी वाट बघणारी एक मेंढी आणि एक जावई. दोघांचंही माझ्याविना चालतं."

तिनं परतीचं तिकीट रद्द केलं आणि गावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तालमींना ती येऊन बसायची. चहाच्या मोठ्या भांड्याचं काम तिनं आपण होऊन अंगावर घेतलं आणि कपांवरून मुलांच्या आयांशी भांडायची. नाचली ती फक्त ॲव्हरिलच्या स्वयंपाकघरात, रविवारी, मोज्यांवर. दोघी आता अगंतुगंवर आल्या होत्या. हिवाळ्यात ॲव्हरिलची बोटं आखडली की थर्झा गरम पाण्याचं भांडं पुढे सरकवायची आणि म्हणायची, "बुडव. आणि कण्हू नकोस, मला वडलांची आठवण येते."

शरदात डेल्विनची वरची तुकडी मोठ्या शाळेत गेली आणि खालच्या वर्गातून नवी, लहान मुलं नाचात आली. ती त्या दिवशी गवतावर बसलेली नव्हती. ॲव्हरिलनं त्यांना काही सांगितलं नाही; विचारतील तेव्हा सांगू, असं तिनं ठरवलं. पाऊलसुद्धा शिकवलं नाही. नुसतं रांगेच्या शेवटी उभं केलं. ती पुढच्यांच्या पायांकडे बघत बघत उचलायला लागली. पुढच्यांची सोंगं त्यांनी घेतली नाहीत, ती त्यांना कळलीच नसावीत. आणि मग हळूहळू पुढचेही वाकायचे थांबले. लहानांच्या पायांत पाय अडकू नये म्हणून त्यांना ताल धरावा लागला. कमरेवरचा हात नोव्हेंबरात गेला. वेडीवाकडी तोंडं नाताळपर्यंत गेली. पाय तेवढा राहिला.

पुढच्या उन्हाळ्यातला मेळा संध्याकाळी होता. लगच्या पाण्यावर ऊन तिरपं उतरलं होतं, कुरणात गवत कापून पडलं होतं आणि त्याच्या वासानं माणसांना गुंगी येत होती. गोष्ट कुणी सांगितली नाही. चोवीस मुलं उभी राहिली, रुमाल वर गेले, आणि ॲव्हरिलनं वाजवायला सुरुवात केली. एक, दोन. तिसऱ्याला चोवीस डावे पाय मागे राहिले, आणि कुरण, नदी, पलीकडच्या गाई, सगळं त्यांच्यासाठी क्षणभर थांबलं. घुंगरू उशिरा वाजले. मग उडी.

नाच संपला, पण रांगेच्या शेवटच्या लहानांना ते कळलं नाही. ती पुढे नाचत राहिली. मग बाकीचीही वळली आणि पुन्हा सुरू झाली. ॲव्हरिलनं त्यांना थांबवलं नाही, चाल पहिल्यापासून धरली.

चहाच्या टेबलामागे थर्झाची मान खुर्चीत कलली होती. ती कितीतरी वेळ तशीच होती, हात मांडीवर, तोंड जरासं उघडं. कुणीतरी उकळतं भांडं उतरवून बाजूला ठेवलं. तिसऱ्या फेरीला ती जागी झाली आणि डोळे चोळत कुरणाकडे बघू लागली.

"संपलं का गं?" तिनं विचारलं.

"नाही अजून," ॲव्हरिल म्हणाली.

"मग चहा नंतरच ओतते," थर्झा म्हणाली, आणि पाय लांब करून बसली.